आधी तर्री, मग नागपूर

डिसेंबरातली सकाळ, सातचा सुमार. मुंबईहून आलेला मित्र स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढत नागपूर स्थानकावर उतरतो. घ्यायला आलेला नागपूरकर त्याची बॅग गाडीत टाकतो आणि घरचा रस्ता सोडून कस्तुरचंद पार्ककडे वळतो. "काऊन, घरी नाही जायचं का?" असं त्याच्याच बोलीत मित्र विचारून पाहतो. उत्तर ठरलेलं असतं : "जाऊ ना. पहिले पोहे खाऊन घेऊ."

मैदानाच्या कडेला हातगाडीपाशी माणसं घोळक्याने उभी असतात. सकाळच्या पाळीला निघालेला कामगार, क्लासला चाललेली मुलं, फिरून आलेले आजोबा, काळ्या कोटातले वकील. मोठ्या परातीत पिवळ्याधमक पोह्यांचा ढीग आणि शेजारच्या पातेल्यात मंद आचेवर खदखदणारी तर्री. गाडीवाला प्लेटमध्ये पोहे घेतो, मधे खळगा करतो आणि त्यात पळीभर तर्री सोडतो. वर कच्चा कांदा, चिरलेला सांभार, लिंबाची फोड. तर्री म्हणजे काळ्या हरभऱ्याचा पातळ, तिखट रस्सा. वर तेलाचा लालभडक तवंग, तळाशी मऊ शिजलेले चणे. पळी पातेल्याच्या तळापर्यंत गेली तर चणे येतात, वरचेवर फिरली तर नुसता तवंग. सराईत गिऱ्हाईक म्हणूनच सांगून ठेवतं, "भाऊ, चणे जरा जास्त टाकजा."

पुणे-मुंबईच्या माणसाला पोहे म्हणजे शेंगदाणे, ओलं खोबरं आणि चिमूटभर साखर, असं माहीत असतं. इथे पहिल्या घासालाच कान तापतात. तरी निम्मी प्लेट संपता संपता हात आपोआप पुढे जातो. "अजून टाकू का तर्री?" गाडीवाला विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पळी उचलतो.

पाहुण्याला नागपूर दाखवायचं म्हटलं की ठरलेली यादी असते. सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइलचा खांब, दीक्षाभूमी, अंबाझरी आणि फुटाळा तलाव. एका दिवसात हे सगळं होतं. पण हे शहर उभं केलं विणकरांनी, गिरणी कामगारांनी, धान्याच्या आणि मिरचीच्या व्यापाऱ्यांनी, संत्र्याच्या बागायतदारांनी. त्यांच्या नावाचे खांब चौकाचौकांत नाहीत. त्यांनी काय खाल्लं आणि काय शिजवलं, ते मात्र आजही इतवारीच्या आणि महालच्या गल्ल्यांतून मिळतं. हातात दोनच दिवस असतील तर नागपूरकराने मित्राला त्या वाटेने न्यावं.

पोह्यांवरच्या सांभारापाशी पाहुणा हमखास अडखळतो. विदर्भात कोथिंबिरीला सांभार म्हणतात. 'वर सांभार टाकू का?' असं विचारल्यावर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे इडलीबरोबरचं सांबार येतं आणि तो गोंधळून नको म्हणतो. हा गोंधळ मिटवायचा सोपा उपाय म्हणजे दुपारी घरी सांभारवडी करणं. थंडीत गोकुळपेठेच्या बाजारात सांभाराच्या जुड्यांचे हिरवे ढिगारे लागतात, तेव्हा घरोघरी हीच वडी होते. तिला कुणी पुडाची वडीही म्हणतं.

वडीचं सगळं यश सांभार कोरडा असण्यावर आहे. जुड्या निवडून, धुऊन, कापडावर पसरून ठेवतात. पाण्याचा अंश राहिला तर सारण सुटतं आणि वडी तेलात फुटते. मग बारीक चिरलेला सांभार, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, हिरवी मिरची, आलं-लसूण आणि मसाला यांचं सारण होतं. बेसनात थोडी कणीक किंवा मैदा, तिखट, हळद आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट पीठ मळतात. पारी लाटली की तिला आतून चिंच-गुळाचं मसालेदार बोट फिरवायचं, मधोमध सारण ठेवायचं आणि चारी बाजूंनी पाकिटासारखी घडी घालायची. आच मंद. घाई केली तर बाहेरून लाल होते आणि आत पीठ कच्चं राहतं. सोबतीला वाटीभर पातळ कढी. पाहुणा पहिली वडी मोडतो, आतला हिरवागार सांभार पाहतो आणि सकाळचा शब्द त्याला कायमचा पाठ होतो.

दुपारनंतर इतवारी. या शहरातल्या पेठांची नावं ऐकली तरी त्यांचा जन्म कळतो : इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. ज्या वाराला जिथे बाजार भरायचा, तोच वार त्या वस्तीला चिकटला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा खेड्यांच्या जागी हे नगर वसवलं. अठराव्या शतकाच्या मध्यात रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी केली आणि राजधानीच्या मागोमाग कारागीर आले. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताचं मुख्य ठाणं झालं. 1867 मध्ये रेल्वे पोचली. दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877 रोजी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस.

इतवारीत अजूनही एकेका मालाची एकेक ओळी आहे. किराणा ओळीत शिरलं की हळद, धणे, खसखस, दगडफूल यांचा मिश्र वास नाकात बसतो. मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना शिंका थांबत नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची इथली घरची म्हणावी अशी. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तसंच मानांकन शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. संध्याकाळी ज्या रश्श्याने पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येणार आहे, त्याचं अर्धं सामान असं शंभरेक किलोमीटरच्या आतलं असतं.

तो रस्सा म्हणजे सावजी.

सावजी हे आधी माणसांचं नाव आहे, जेवणाचं नंतर. नागपुरातल्या हलबा कोष्टी समाजात एकमेकांना आदराने सावजी म्हणायची पद्धत होती आणि त्यांच्या घरच्या स्वयंपाकाला तेच नाव पडलं. हा समाज विणकरांचा. भोसल्यांच्या आश्रयाने तो इथे वाढला. रेशीमकाठी नागपुरी साड्या आणि धोतरं यांची कीर्ती दूरवर होती. इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत घरोघरी खड्डा माग असायचे. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसायचा, हाताने धोटा फेकायचा आणि पायाने पावड्या दाबायचा. पण माग एकट्याचा नसतो. सूत उकलणं, कांड्या भरणं, पांजणी करून ताण्याला खळ लावणं ही कामं घरातल्या बायका आणि मुलं करायची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घर म्हणजे कारखाना.

अशा घरात स्वयंपाकाला वेळ थोडा आणि भूक मोठी. पैसाही बेताचा. म्हणून बकऱ्याचं जे स्वस्तात मिळेल ते शिजायचं : खूर, मुंडी, कलेजी, वजडी. मटण ज्या दिवशी असेल तो सणच. थोड्या मटणात मोठं कुटुंब जेवायचं, तर रस्सा भरपूर आणि जोरकस हवा. भाकरी चुरून वर ओतला तरी त्याची चव फिकी पडता कामा नये. सावजी रश्श्याचा काळपट लाल रंग, घट्टपणा आणि ठसका या सगळ्याचं मूळ त्या कष्टाच्या दिवसांत आहे.

मसाला घरोघरी वेगळा आणि प्रमाण सहसा घराबाहेर जात नाही. सासू सुनेला सांगते, तेही तोंडी, मुठीच्या आणि चिमटीच्या मापाने. धणे, खसखस, सुकं खोबरं, काळी मिरी, लवंग, दालचिनी, तेजपान, दगडफूल, वेलची आणि लाल मिरची हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं सामान. ते तेलावर काळसर होईपर्यंत भाजतात. करपलं तर कडू, कमी भाजलं तर रंग नाही. जुन्या घरांत ते पाट्यावर, थेंब थेंब पाणी घालत, लोण्यासारखं होईपर्यंत वाटलं जायचं. फोडणी जवसाच्या तेलाची. विदर्भाच्या काळ्या मातीत जवस मुबलक पिकायचं आणि तेल स्वस्त पडायचं. त्याला स्वतःचा उग्र वास आहे. जुनी माणसं म्हणतात की त्या वासाशिवाय सावजी पुरं होत नाही. आता बहुतेक ठिकाणी दुसरी तेलं वापरतात.

आधी गिरण्या आणि मग यंत्रमाग यांच्यापुढे हातमाग मागे पडत गेला. तेव्हा अनेक विणकर कुटुंबांनी घरची चूल पुढच्या खोलीत आणली. चार बाकडी, स्टीलची ताटं, दारावर पाटी : सावजी भोजनालय. कित्येक ठिकाणी नवरा गल्ल्यावर आणि बायको चुलीपाशी अशीच वाटणी झाली. मागावर ज्या बायकांचं नाव कधी लागलं नाही, त्यांच्या हाताच्या चवीवर ही भोजनालयं उभी राहिली. आज नागपूरच्या हमरस्त्यांवर सावजीच्या पाट्यांची रांग दिसते, पुण्या-मुंबईतही दिसते, तयार मसाल्याची पाकिटंही मिळतात. नुसती मिरची ओतून 'सावजी' म्हणून खपवणारेही आहेत. फरक ओळखायची खूण जुना खवय्या सांगतो : तिखट जिभेवर राहावं, पोटात जळू नये, आणि दुसऱ्या घासाला मसाल्यातली खसखस कळावी.

पाहुणा शाकाहारी असला तरी त्याने उपाशी उठायचं कारण नाही. त्याच रश्श्यात पाटोडी येते, म्हणजे शिजवलेल्या बेसनाच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या. डाळकांदा येतो, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि भरपूर कांदा. वांगंही येतं. हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात अख्खं सरकार नागपुरात येतं. 1953 च्या नागपूर करारातून आलेली ही प्रथा. त्या दिवसांत आमदारांचे कार्यकर्ते, पत्रकार आणि मोर्चे घेऊन आलेली खेड्यापाड्यांतली माणसं शेजारशेजारच्या बाकांवर हाच रस्सा ओरपताना दिसतात. मित्राचा घाम निथळत असतो. नागपूरकर लिंबू पिळून देतो आणि म्हणतो, "पाणी नको पिऊ बे, भाकर खा. उतरते."

सावजीबरोबर भाकरी चालते, पण मान लंबी रोटीचा. ती पाहण्यासाठी पाहुण्याला आवर्जून चुलीजवळ न्यावं. रस्त्याच्या कडेला, विटांच्या चुलीवर मातीचं मोठं मडकं उलटं ठेवलेलं असतं. खाली लाकडं, वर मडक्याचा तापलेला गोल पाठ. बाईसमोरच्या परातीत गव्हाचं इतकं सैल भिजवलेलं पीठ, की नवख्याच्या हातात ते ठरणारच नाही. ती ते पीठ वर उचलून परातीत आपटते. पुन्हा उचलते, पुन्हा आपटते. प्रत्येक आपटीला त्याला तार सुटत जाते. मग ओल्या हाताने एक गोळा तोडून ती तो या तळहातावरून त्या तळहातावर झुलवते. गोळा पसरतो, मनगटावर उतरतो, कोपरापर्यंत येतो. हातभर लांब, ओढणीसारखा पातळ झाला की एका हिसक्यात तो मडक्यावर पडतो. कुठे घडी नाही, कुठे भोक नाही. मिनिटभरात फुगे येतात, कडा सुटतात. रोटी उचलून तिची चौघडी करून ती टोपलीत टाकते आणि दुसऱ्या हाताने पुढचा गोळा तोडलेला असतो.

लाटणं नाही, पोळपाट नाही. "मावशी, किती दिवसांत जमलं हे?" पाहुणा विचारतो. असं विचारलं की बहुतेक जणी आईचं किंवा सासूचं नाव घेतात. लग्नकार्यांच्या ऑर्डरी आल्या की तीन-चार जणी मिळून शेकड्यांनी रोट्या काढतात. धुराने डोळे चुरचुरतात, मनगटं भरून येतात. मडकं फुटलं तर त्या दिवसाची कमाई गेली. अनेक घरांतली मुलांची शाळा या चुलीवर चालते. पाहुण्याने रोटी घ्यावी, पैसे देताना घासाघीस करू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. डिसेंबरात आवारात शांतता असते. पण धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात, तेव्हा शहराची चूल वेगळीच पेटते. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुतर्फा भोजनदानाचे मंडप लागतात. वस्तीची मंडळं, कर्मचाऱ्यांच्या संघटना, एकेकटी कुटुंबंसुद्धा पातेली मांडतात. भात-भाजी, पुरी, मसालेभात, कुठे नुसतं थंड पाणी आणि बिस्किटं. रात्रभर गाडीत बसून आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात कुणीतरी पत्रावळ देतं आणि जात विचारत नाही. ज्या समाजाला पाणवठ्यावर पाणी नाकारलं गेलं, त्याच्या लेकरांनी उभ्या शहरापुढे मांडलेली ही पंगत आहे. मित्राला मंडप दिसत नसले तरी ही गोष्ट त्या रस्त्यावरच सांगायला हवी.

दुपारचं जेवण महालातल्या एखाद्या जुन्या घरी जमलं तर उत्तम. तिथे गोळाभात किंवा वडाभात असतो. दोन्ही पदार्थ डाळीचे, कारण तूर आणि हरभरा ही विदर्भाची पिकं. गोळाभातासाठी हरभऱ्याच्या डाळीच्या भरड पिठात तिखट, मीठ, हळद आणि तेल घालून मुठीने गोळे वळतात. भात शिजत आला की ते वर ठेवून झाकण घालतात आणि वाफेवर शिजवतात. वडाभातात निरनिराळ्या डाळी भिजवून, जाडसर वाटून वडे तळतात आणि ते गरम भातावर कुस्करतात. पुढची कृती दोन्हीकडे सारखी. लहान कढईत तेल कडकडीत तापतं, मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या पडतात आणि ती फोडणी ताटातल्या भातावर चुर्र करत येते. सोबत चिंचेचं सार किंवा कढी. "अजून घे ना रे, काहीच खाऊन नाही राहिलास," असं म्हणत यजमानीणबाई तेलाची वाटी पुढे करतात.

संत्रं शेवटी ठेवावं. नागपुरात त्याला बहुतेक जण संत्राच म्हणतात. नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांत, काटोल, कळमेश्वर, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात त्याच्या बागा पसरलेल्या आहेत. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्थाही याच शहरात आहे.

या झाडाला वर्षात दोन वेळा फळ धरता येतं आणि कोणतं धरायचं ते शेतकरी पाण्यावर ठरवतो. डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात, झाड ताणावर जातं. पुन्हा पाणी सोडलं की ते फुलतं. हा आंबिया बहार. त्याची फळं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात. मृग बहाराचा ताण मे महिन्याच्या उन्हात, फुलं पावसाच्या सरींबरोबर आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताण नीट बसला नाही तर फुलंच येत नाहीत. ऐन मोहरात वादळ झालं तर गळ होते. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. तिथलं आयात शुल्क वाढत गेलं तसा बागायतदारांचा हिशेब कोलमडत गेला. शहरातल्या दुकानात गोळा करून ठेवलेल्या केशरी ढिगामागे एवढं सगळं असतं.

संत्रा बर्फीची पेटी तर घ्यायचीच. बिकानेरहून निघालेल्या हल्दीराम घराण्याची एक शाखा नागपुरात स्थिरावली आणि संत्र्याची बर्फी तिने घरोघरी पोचवली. आता शहरातले इतर हलवाईही ती करतात. स्थानकावर बाहेरगावी निघालेल्या दर दुसऱ्या माणसाच्या पिशवीत ती पेटी असते.

पण फळं नागपूरकर स्वतः निवडून देतो. बाजारात ढिगापुढे उकिडवा बसतो आणि रंगाकडे फारसं पाहत नाही. थंडी चांगली पडल्याशिवाय संत्र्यावर पुरता रंग चढत नाही, त्यामुळे आंबियाचं फळ सालीला हिरवट असूनही आत गोड निघू शकतं. तो एकेक फळ तळहातावर तोलतो. आकाराच्या मानाने जड लागलं तर बाजूला, हलकं लागलं तर परत ढिगात. अंगठ्याने देठाजवळची साल किंचित दाबतो. सैल असली पाहिजे, पण पोकळ नको. मित्रही शेजारी बसतो, दोन फळं उचलतो, तोलतो, एक परत ठेवतो. "बरोबर," विक्रेता मान हलवतो.

संध्याकाळी मुंबईची गाडी. बर्थखाली संत्र्यांची पेटी, पिशवीत बर्फी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या उरलेल्या सांभारवड्या. गाडी हलते, अजनी मागे पडतं. वर्धा यायच्या आधीच पाहुणा पेटीची दोरी सोडतो, एक फळ काढून सोलतो आणि समोरच्या बर्थवरच्या अनोळखी आजींपुढे निम्म्या फोडी धरतो. "नागपूरचेच का जी तुम्ही?" त्या विचारतात.